जुने स्पीकर : निव्वळ स्मरणरंजन नव्हे

महोदय,

जुन्या स्पीकरच्या वाढत्या आकर्षणावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकाने सगळे श्रेय स्मरणरंजनाला देऊन टाकले आहे. जुने स्पीकर दुरुस्त करणे हा माझा फावल्या वेळचा उद्योग. ते घेऊन येणारे बरेच जण त्या स्पीकरपेक्षा वयाने लहान असतात. जो काळ पाहिलाच नाही, त्याच्या आठवणीने ते कसे व्याकूळ होणार?

मला दिसणारे कारण वेगळे आहे. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या नळ्यांच्या, जमान्यात ॲम्प्लिफायरचे वॉट दुर्मीळ होते. ३००बी जातीच्या एकाच व्हॉल्व्हवर चालणारा (सिंगल-एंडेड) ॲम्प्लिफायर जेमतेम ८ वॉट देतो. तेवढ्यात खोली भरायची तर स्पीकरच उदार, थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज देणारा हवा. म्हणून ते मागेपुढे हलून आवाज काढणारे मोठाले कागदी कोन (शंकू), ते कर्णे, त्या कपाटाएवढ्या पेट्या. अमेरिकी अभियंता पॉल क्लिप्श यांचा १९४६चा क्लिप्शहॉर्न हा स्पीकर तर खोलीच्या कोपऱ्यातच बसवायचा. दोन्ही बाजूंच्या भिंती त्याच्या कर्ण्याचा पुढचा भाग होतात. एका वॉटला एक मीटरवर तो शंभराहून जास्त डेसिबल देतो. आजचे अनेक लहान स्पीकर ८४-८५च्या आसपास थांबतात. २० डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभरपट! संथ चाललेल्या संगीतात एखादा जोरकस आघात आला की लहान स्पीकर क्षणभर दहा-बारा वॉट मागतो, कोन हलवणारी तारेची कॉइल तापते, लहानसा कोन बराच मागेपुढे धावतो. मोठ्याला वॉटचा अंश पुरतो आणि त्याचा कोन हलल्याचे डोळ्यांना जाणवतही नाही. हळू आवाजातही संगीत जिवंत वाटते, असे लोक म्हणतात ते बहुधा यामुळेच.

अर्थात 'जुने' म्हणजे एकच जात नव्हे. १९५४मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग केली आणि आटोपशीर खोक्यातून खोल खर्ज काढून दाखवला. मोबदल्यात वॉट जास्त लागू लागले; पुढे ट्रान्झिस्टरने ते स्वस्त केले. आजचा लहान स्पीकर या घराण्यातला. माझ्या वरच्या सिद्धांताला न जुमानणारा एक नमुना म्हणजे बीबीसीचा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर. स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीतल्या अडचणीच्या जागेसाठी केलेला, प्लास्टिकच्या कोनाचा, खर्ज बेताचा, वॉटची भूक मोठी. पण त्यातून माणूस बोलू लागला की तो समोर बसल्यासारखा वाटतो. असा जोड दुरुस्तीला आला की परत द्यायला मी मुद्दाम उशीर करतो.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही ती गोष्ट म्हणजे या स्पीकरची प्रकृती. कोनाभोवतीच्या फोमच्या कडेचा पंधरा-वीस वर्षांत भुगा होतो. रबर आणि कापड बरेच जास्त टिकते. खर्ज आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या मंडलातले (क्रॉसओव्हरमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात आणि वरचे सूर मंदावतात. पुष्कळांना तोच 'जुना उबदार आवाज' वाटतो! कपॅसिटर बदलून दिल्यावर नाराज झालेले रसिकही मी पाहिले आहेत. जोड विकत घेणाऱ्याने लाकडाच्या झळाळीला भुलू नये. जाळी काढावी, दोन्ही हातांची बोटे कोनावर समान अंतराने टेकवून तो हलकेच आत दाबावा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल जागेवरून सरकली आहे, असे समजावे. फोमच्या जागी जाड रबर चिकटवलेले असेल तर खर्ज मूळचा राहिलेला नाही, हेही ध्यानात घ्यावे.

जाता जाता, लेखासोबतच्या छायाचित्रातल्या डाव्या स्पीकरचा फोम खालच्या बाजूला फाटलेला स्पष्ट दिसतो. तो बदलून होईपर्यंत आवाज वाढवू नये, एवढे त्याच्या मालकाला कृपया कळवावे. कॉइल घासू लागली तर नुसता फोम बदलून भागणार नाही.

– एक वाचक