पद्मिनीची मापे आताच घेऊन ठेवावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोटारींच्या छोट्या प्रतिकृतींवर आलेला लेख मी आवडीने वाचला. त्यात चुकीचे असे फारसे काही नव्हते. परंतु धातूच्या तयार गाड्या विकत घेऊन काचेच्या कपाटात मांडणे आणि सुटे भाग घासून, जोडून, रंगवून गाडी स्वतः घडवणे या दोन निराळ्या गोष्टी तेथे एकाच माळेत ओवल्या गेल्या आणि ‘खेळण्यांत रमलेले प्रौढ’ एवढ्यावर दोघांचीही बोळवण झाली. संग्राहकांविषयी माझी काहीच तक्रार नाही, माझ्याही कपाटात अशा दहाबारा गाड्या आहेत. मात्र मी भोसरीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३१ वर्षे प्लॅस्टिकचे साचे केले आणि निवृत्तीनंतर गेली ११ वर्षे १/२४ प्रमाणातील मोटारी जोडतो आहे. त्यामुळे या छंदाची जी बाजू मला दिसते, ती वाचकांपुढे मांडावी, आणि त्याच ओघात जुन्या पद्मिनी मोटारीची मापे टिपून ठेवण्याविषयी एक विनंतीही करावी, म्हणून हे पत्र.

आधी प्रमाणांविषयी थोडेसे, कारण लेखात ती नुसती आकड्यांची यादी म्हणून आली होती. १/२४ म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट प्रतिकृतीत अर्धा इंच. १/४३ हा विचित्र वाटणारा आकडा आगगाडीच्या प्रतिकृतींतून आला आहे; तेथे एका फुटाला ७ मिलिमीटर धरत, आणि त्या रुळांशेजारी शोभाव्यात म्हणून केलेल्या मोटारींनी तेच माप उचलले. अमेरिकी संच, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचे डबे, बहुधा १/२५ असतात, त्यामुळे एका संचाचे इंजिन दुसऱ्यात बसवायला गेलेला नवशिका हमखास गोंधळतो.

आता मूळ मुद्दा. संचातील भाग जसेच्या तसे जोडले तर गाडी तयार होते, पण ती खरी वाटत नाही. यात संच करणाऱ्याचा दोष नसून तो साच्याचा स्वभाव आहे. पॉलिस्टायरीन या संचांच्या प्लॅस्टिकच्या भिंतीची जाडी साधारण एक मिलिमीटर ठेवावीच लागते. फार पातळ ठेवली तर वितळलेले प्लॅस्टिक साच्याच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधीच थिजते. खऱ्या मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरचा धरला, तरी २४ पटींनी लहान झाल्यावर तो ०.०४ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्याहूनही कमी जाडीचा व्हायला हवा. उलट हिशेब केला तर संचातील एक मिलिमीटरची भिंत खऱ्या गाडीत २४ मिलिमीटरची, जवळजवळ एक इंचाची, ठरते. इतका जाड पत्रा रणगाड्याला शोभेल, मोटारीला नाही. म्हणून जाणकार चाकांवरच्या कमानींच्या आणि खिडक्यांच्या कडा आतल्या अंगाने खरवडून सुरीच्या धारेइतक्या पातळ करतो. बाकीची भिंत तशीच जाड राहते, पण दिसणारी कड पातळ झाली की डोळा उरलेला पत्राही पातळच धरून चालतो.

साच्याचा दुसरा हट्ट असा की भाग त्यातून सरळ बाहेर निघाला पाहिजे. दाराच्या मुठीखाली बोटे घालायला जी पोकळी असते ती सरळ निघणाऱ्या साच्यात करता येत नाही, म्हणून संचातील मूठ ही दारावर चिकटलेली एक निमुळती वरवंटी असते. ती कानशीने साफ करून तारेची नवी मूठ बसवावी लागते. दोन दारांमधली फट खऱ्या गाडीत चार मिलिमीटर असली तर प्रतिकृतीत ती ०.१७ मिलिमीटर भरते. संचातली खाच याहून रुंद आणि शिवाय उथळ असते, आणि रंगाचे दोनतीन हात बसताच बुजते. ती रंगापूर्वी टोच्याने खोल करायची असते, आणि हात एकदा घसरला की पुटी भरून, वाळू देऊन, ४०० पासून २००० नंबरपर्यंत वॉटर पेपर मारून पुन्हा पहिल्यापासून. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली बारीक उंच रेघ तर अनेकदा मडगार्डच्या नेमक्या माथ्यावरून जाते. टूलरूममध्ये असताना ती रेघ कुठे लपवावी यावर मी वरिष्ठांशी वाद घातले आहेत. आता तीच रेघ मी बसून घासतो, हा काव्यगत न्याय म्हणायचा.

या बारीकसारीक कामाला आमच्यात ‘डिटेलिंग’ म्हणतात आणि बाहेरच्यांना ती सजावट वाटते. माझ्या मते ती सजावट नसून मापाची दुरुस्ती आहे. स्पार्क प्लगची वायर खऱ्या गाडीत सात मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे आपल्याला ०.२९ मिलिमीटरची तार हवी. ती विजेच्या मोटारींचे वायंडिंग करणाऱ्याकडे टाकाऊ म्हणून सहज मिळते. चार सिलिंडरच्या फियाट इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो, तेव्हा डिस्ट्रिब्युटरवरून, म्हणजे प्लगांना वीज वाटून देणाऱ्या भागावरून, निघणाऱ्या तारा त्याच क्रमाने नेल्या पाहिजेत. बॉनेट लावल्यावर हे कोण पाहणार, असा प्रश्न आमच्या घरात वेळोवेळी विचारला जातो आणि त्याचे पटेल असे उत्तर माझ्यापाशी नाही. हेडलाइटच्या काचेसाठी मी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले फुगीर पारदर्शक प्लॅस्टिक कापतो आणि सायलेन्सरच्या नळीसाठी इंजेक्शनच्या नव्या सुईचा तुकडा वापरतो. परदेशी सुटे भाग मागवण्याची ऐपत नसलेल्या मुलांनी एवढ्यावर अडून राहू नये.

रंगाविषयी मात्र लेखातील एका छायाचित्रामुळे काळजी वाटली. त्यात एक तरुण बंद खोलीत, तोंडावर साधा कापडी मास्क लावून लॅकर, म्हणजे थिनरमध्ये पातळ केलेला झटपट वाळणारा रंग, फवारताना दिसतो. कापडी मास्क धूळ थोडीफार अडवतो, थिनरची वाफ अजिबात नाही. त्यासाठी कोळशाची डबी असलेला रासायनिक वाफेचा मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा, दोन्ही हवेत, आणि जवळपास देवाचा दिवा तेवत नसावा. दुसरे असे की परदेशी पुस्तिकांतील सूचना आपल्या पावसाळ्याला लागू पडत नाहीत. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि चकचकीत रंगावर दुधाळ पांढरी झाक येते. एका जुलैमध्ये माझ्या गर्द निळ्या गाडीचे छत असेच ताकासारखे झाले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी फक्त घासणे, जोडणे आणि गाडीच्या आतल्या आसनांचे काम करतो. अगदीच अडले तर सावकाश उडणारे थिनर वापरतो. रंगाची जाडी हाही मापाचाच प्रश्न आहे: ०.१ मिलिमीटरचा थर खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटरचा ठरतो, म्हणून पातळ हात अधिक वेळा द्यावेत. आणि टायर निव्वळ काळ्या रंगाने कधीच रंगवू नयेत. लहान आकारात काळा फार गडद दिसतो, त्यात राखी मिसळावा लागतो.

‘खेळणी’ या शब्दाला उत्तर द्यायचे तर अमेरिकेतील एका स्पर्धेचा उल्लेख पुरेसा आहे. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३० ते १९६८ या काळात मुलांसाठी ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ चालवले. आरंभी नेपोलियनकालीन बग्गीची प्रतिकृती करावी लागे. पुढे मुलांनी स्वतः कल्पिलेली मोटार १/१२ प्रमाणात घडवून पाठवायची पद्धत आली आणि विजेत्यांना शिक्षणासाठी भरघोस शिष्यवृत्त्या मिळत. मुलींना प्रवेश नव्हता, ही त्या काळाची अदूरदृष्टी. १९४७ मध्ये तेथे पहिला आलेला चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या संपूर्ण डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. आपल्याकडे पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, औरंगाबाद असा मोटारधंद्याचा पट्टा असताना एखाद्या उद्योगसमूहाला असे काही करावेसे वाटू नये, याचे मला नवल वाटते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभे केलेले आगगाडीच्या प्रतिकृतींचे संग्रहालय शाळेच्या सहलींनी गजबजते. मोटारींसाठी तसे काही नाही.

आता विनंतीकडे येतो. जपानमधील शिझुओकाच्या तामिया कंपनीने पोर्शे ९११ चा संच करताना एक खरी गाडी विकत घेऊन ती सुटी केली होती, आणि १९७६ मध्ये बाजारात आलेली कंपनीची १/१२ प्रमाणातील पोर्शे ९३४ (९११ चीच शर्यतीची आवृत्ती) आजही नावाजली जाते. आपल्या पद्मिनीसाठी असे कुणी केले नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघालेली आणि १९७० च्या दशकात पद्मिनी झालेली ही गाडी मुंबईची खूणच होती. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तेव्हा वृत्तपत्रांतून हळहळीचे लेख भरपूर आले, मात्र गाडीची मापे कुणी छापली नाहीत.

पद्मिनीचा १/२४ चा संच मला कोणत्याही दुकानात मिळाला नाही, म्हणून मी ती प्लॅस्टिकच्या पत्र्यातून मुळापासून करायला घेतली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत ९७.५, एवढे पुस्तकातून कळते. छताचा बाक, पुढच्या काचेचा तिरपेपणा, खांबांची जाडी, बॉनेटचा उतार यांतले काहीही पुस्तकात नसते. मी छायाचित्रांवरून काम केले आणि फसलो, कारण कॅमेरा जवळच्या वस्तूला मोठे करतो आणि छायाचित्रातला बाक हा खरा बाक नसतो. दोन महिन्यांनी छत दीड मिलिमीटर बुटके आल्याचे लक्षात आले. खऱ्या गाडीत हा फरक ३६ मिलिमीटरचा, आणि तेवढ्याने पद्मिनी पद्मिनी दिसेना. अखेर शेजारच्या सोसायटीतील एका गृहस्थांनी त्यांची गाडी दोन रविवार मोजू दिली, तेव्हा काम मार्गी लागले. टॅक्सीच्या मात्र काही गोष्टी त्यांच्या खासगी गाडीवर कशा असणार? डावीकडे बाहेर बसवलेला झेंड्याचा मीटर, टपावरचा कॅरिअर, काळ्या अंगावर पिवळ्या छताची हद्द नेमकी कुठे संपते, हे मला अजून कुणाच्या तरी दारात उभ्या असलेल्या जुन्या टॅक्सीवरून मोजायचे आहे.

ज्यांच्याकडे पद्मिनी किंवा तिची टॅक्सी अजून उभी आहे, त्यांनी एखाद्या होतकरू मुलाला, मुलीला ती मोजू द्यावी, आणि पदविका अभियांत्रिकीच्या शिक्षकांनी हे प्रकल्प म्हणून द्यावे, असे आपल्या वृत्तपत्रातून सुचवावे. महागडी साधने लागत नाहीत. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, टायरमध्ये हवा पुरेशी आहे हे पाहावे, शेजारी ताणलेल्या सरळ दोरीपासून ओळंबा सोडून दर १० सेंटिमीटरवर अंतरे टिपावीत, आणि छताच्या व मडगार्डच्या बाकासाठी जाड पुठ्ठा कापत कापत पत्र्याला तंतोतंत बसेल असा नमुना करावा. पुठ्ठ्यावर तो कुठल्या जागेचा आहे आणि त्याची पुढची बाजू कोणती, हे तिथेच लिहावे. मी ते लिहिले नव्हते आणि दुसरा रविवार त्यातच गेला.

आपला नम्र,
एक निवृत्त साचे कारागीर,
निगडी, पुणे