अपयशाची वाटही तपासली जावी

महोदय,

गोव्यातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी आता ओपन सोर्स (म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या) प्रकल्पांना कोड पाठवू लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. देवनागरी मजकुरावर काम करणाऱ्या अशाच एका छोट्या प्रकल्पात आलेला कोड तपासण्याचे काम मी फावल्या वेळात करतो आणि त्या अनुभवावरून एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याने पाठवलेले फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) नेटके होते आणि सगळ्या टेस्टही पास झाल्या होत्या. मात्र फाईल उघडता आली नाही तर ते रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, परत करत होते. आमच्या उरलेल्या कोडमध्ये अशा वेळी एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा स्पष्ट इशारा, देण्याचा रिवाज आहे. रिकाम्या स्ट्रिंगमुळे मात्र फाईल खरोखरच रिकामी आहे की ती सापडलीच नाही, हे कळण्याचा मार्गच उरला नव्हता.

अपयश स्पष्टपणे कळवले जावे, हा आग्रह कुणाला किरकोळ वाटेल. परंतु इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ग्नूटीएलएस या ओपन सोर्स लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) मार्च २०१४ मध्ये उघडकीस आलेला गंभीर दोष याच जातीचा होता. समोरची वेबसाइट खरी असल्याची खात्री देणाऱ्या प्रमाणपत्राच्या तपासणीत अडचण आली की आतील फंक्शन ऋण संख्या परत करी, तर त्याला कॉल करणारा, म्हणजे त्याच्याकडून काम करून घेणारा, कोड उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच येईल असे धरून चाले. सी भाषेत शून्याव्यतिरिक्त कोणतीही संख्या 'हो' समजली जात असल्याने, ज्या प्रमाणपत्राची तपासणी पूर्णच होऊ शकली नाही तेही वैध ठरू शकत असे. एकेक फंक्शन सुटे वाचणाऱ्याला अशी चूक दिसणे कठीणच.

म्हणून तपासणाऱ्याने बदललेल्या ओळींपाशी न थांबता, ते फंक्शन जेथून जेथून कॉल होते तेथे जाऊन अपयशाचे पुढे काय होते ते पाहावे. प्रकल्पाची जुनी पद्धत विद्यार्थ्याला पटत नसेल, तर ती सर्वत्र बदलण्याचा वेगळा प्रस्ताव त्याने जरूर मांडावा. एका फंक्शनपुरती नवी पद्धत आणू नये.

यात विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. प्रॅक्टिकलमध्ये अपेक्षित आउटपुट आले की गुण मिळतात. डिस्क भरली, परवानगी नाकारली गेली किंवा आपल्याकडे पावसाळ्यात जाते तसे मध्येच नेट गेले, तर प्रोग्रॅम काय करील, हे क्वचितच कुणी विचारते. राज्यातील महाविद्यालयांनी तोंडी परीक्षेत हा प्रश्न सक्तीचा करावा आणि त्याला स्वतंत्र गुण ठेवावेत, ही विनंती.

एक वाचक,
फोंडा, गोवा