मे महिन्यातल्या उल्का

नागपूर,
७ मे

प्रिय सुध्या,

ऑगस्टात उल्का बघायला येतो म्हणतोस! अरे, ययाती तारकासमूहातल्या त्या उल्का जगभर गाजतात खऱ्या, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ फाटलेलं असतं. यायचं होतंस ते आत्ता. कुंभेतल्या उल्का ५-६ मेच्या सुमारास भरात असतात.

काल पहाटे आम्ही रामटेकच्या पुढे एका शेतावर होतो. शहरात सोयच नाही, कोराडीच्या वीज केंद्राच्या अंगाला आभाळ रात्रभर तांबूस. दिवसभर तापलेली बांधावरची माती दोन वाजताही सतरंजीतून पाठीला लागत होती. बरोबरच्यांचे मोबाइल मी सरळ काढून घेतले. एकदा का स्क्रीन बघितली, की डोळे अंधाराला सरावायला पुन्हा वीस मिनिटं.

तीनच्या आसपास पहिली दिसली. पूर्वेला खालून निघाली ती थेट डोक्यावरून वृश्चिकाच्या बाजूला. कुंभ रास क्षितिजाजवळ असते तेव्हा उल्का वातावरणाला घासत येतात, म्हणून एवढी लांब रेघ. मागे धुरकट पट्टा राहिला आणि बघता बघता विरला. सेकंदाला ६६ किलोमीटर वेग, अन् ऐवज वाळूच्या कणाएवढा! हॅलेच्या धूमकेतूनं सांडलेला. तो स्वतः १९८६ मध्ये येऊन गेला, आता २०६१ मध्ये येईल.

तासाला ५० हा आकडा छापतात, त्यावर जाऊ नकोस. तो रास डोक्यावर आणि आभाळ काळंकुट्ट असेल तेव्हाचा. मधली पंधरा मिनिटं आम्ही नुसते डास मारत होतो.

रखवालदार काही खूश नव्हता. "पाडव्याचं पाह्यलं व्हतं का भाऊ? त्याच्यापुढं हे काईच नाई." २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ म्हणत होता तो. सिंदेवाहीकडे लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं होतं, आठवतं? ते रॉकेटचे अवशेष. सेकंदाला सात-आठ किलोमीटरच, म्हणून तुटत तुटत सावकाश गेले आणि सगळ्या विदर्भाला दिसले. त्याला समजावलं, पण त्याचं मत बदललं नाही.

तू ऑक्टोबरात ये. २१ तारखेच्या आसपास मृगातून पडतात, त्याही हॅलेच्याच. पाऊस गेलेला असतो, मध्यरात्रीनंतर निघायचं. शेतवाल्याला सांगून ठेवलंय. चादर तुझी तू आण, आणि तिकिटाचं आत्ताच बघ, दिवाळीच्या गर्दीत मिळायचं नाही.

तुझा,
बाळ्या