त्या सहा चाकांच्या गाडीबद्दल थोडं

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अजब गाड्यांचं जे पान होतं त्यात टिरेल टीमच्या सहा चाकांच्या फॉर्म्युला वन गाडीचा फोटो टाकून खाली दोन ओळी होत्या, की हा एक फसलेला विनोद होता आणि पुढच्याच वर्षी त्यावर बंदी आली. दोन्ही गोष्टी चूक आहेत. मी काही पेपरला पत्रं लिहिणाऱ्यातला नाही, पण सध्या हीच गाडी माझ्या टेबलावर उघडी पडलीय, 1/20 स्केलच्या प्लास्टिक मॉडेलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या विसाव्या भागाएवढी, इंजिन बाहेर, चाकं वेगळी, आणि गाडी अशी एकेक पार्ट करून जोडायला घेतली की ती कोणी मजा म्हणून बनवली का डोकं लावून बनवली हे कळतंच हो.

आधी बंदीचं उरकतो. ही टिरेल पी34 मे 1976 मध्ये स्पेनला पहिल्यांदा रेसमध्ये उतरली, महिनाअखेरीला मोनाकोत दुसरी आणि तिसरी आली, आणि 13 जूनला स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला टिरेलचा ड्रायव्हर जोडी शेक्टर पहिला, त्याचा साथीदार पॅट्रिक डेपाये दुसरा, दोघंही सहा चाकीवर. आता त्या रेसमध्ये दुसऱ्या टीमचा मारिओ आंद्रेत्ती पुढे होता आणि त्याचं इंजिन गेलं हे खरं आहे, पण रेस संपेपर्यंत टिकणं हे पण रेसमध्येच येतं ना. वर्षअखेरीला टिरेलचे 71 पॉइंट होते आणि पहिल्या आलेल्या फेरारीचे 83, त्यातले सुरुवातीचे थोडे टिरेलच्याच जुन्या चार चाकी 007 गाडीचे हे मान्य, तरी विनोद म्हणावा असा हा निकाल नाही. आणि बंदी आली ती 1983 च्या नियमात, चारच चाकं पाहिजेत म्हणून, तोपर्यंत टिरेलने स्वतःच 1978 पासून परत चार चाकं लावली होती. मधल्या काळात विल्यम्स टीमने मागे चार चाकं असलेली गाडी बनवून 1982 मध्ये टेस्टिंग पण केलं होतं, ती रेसमध्ये आली असती तर बाकीच्यांची पळापळ झाली असती. म्हणजे बंदी आली तेव्हा पी34 रेसमधून जाऊन पाच वर्षं झाली होती.

आता डोकं कुठे लावलं होतं ते सांगतो. ओपन व्हील गाडीत चाकं उघडी, आणि पुढची उघडी फिरणारी चाकं हवा अडवतात आणि वर गाडीचं नाक उचलायला बघतात. त्यावेळच्या नियमात पुढच्या नाकाची रुंदी जास्तीत जास्त दीड मीटर. डेरेक गार्डनर या डिझायनरने विचार केला की चाकं इतकी छोटी केली की ती त्या दीड मीटरच्या आड लपली तर? पण चाक छोटं केलं की रस्त्यावर रबर कमी टेकतं, ब्रेक पण छोटा होतो, मग एकाच्या जागी दोन लावू. झाली चार पुढे. फॉर्म्युला वनमध्ये दहा इंची टायर तेव्हा कोणी वापरतच नव्हतं, गुडइयरने खास करून दिले.

हे वाचून समजतं, नाही असं नाही, पण हातात घेतल्यावर जास्त समजतं. दहा इंचाची रिम म्हणजे माझ्या स्केलमध्ये 12.7 मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढी, आणि त्या बटणाच्या आत परत ब्रेकची डिस्क आणि तिला दाबणारा कॅलिपर, ते पण चार वेळा. नाकाची रुंदी 75 मिलिमीटर. मॉडेलचं नाक नुसतं जागेवर ठेवून समोरून एक डोळा बंद करून बघितलं की पुढची चारही चाकं जवळजवळ गायब होतात, तेव्हा मी मनातल्या मनात गार्डनरला सलाम ठोकला.

किट टामिया या जपानी मॉडेल कंपनीचं आहे. टामियाने 1/20 मध्ये ग्रां प्री कलेक्शन म्हणून जी मालिका 1977 मध्ये सुरू केली तिचा पहिला नंबरच पी34, म्हणजे विनोद असता तर जपानी लोकांनी त्याच्यावर मोल्डचा एवढा खर्च केला नसता. माझ्याकडची नंतर काढलेली 1976 च्या जपान रेसची आवृत्ती आहे, ही रेस फुजीला झाली आणि फुजी स्पीडवे शिझुओका प्रांतात, टामियाचं गाव पण शिझुओका, म्हणजे त्यांनी आपल्या दारातली रेस डब्यात भरलीय. आणि यात एक डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र, आहे ज्याच्यासाठी मी ही आवृत्ती शोधत होतो. फुजीला टिरेलवाल्यांनी कॉकपिटच्या बाजूला टीमचं नाव जपानी हिरागाना अक्षरात लिहून घेतलं होतं. इंग्लंडची टीम, फ्रेंच तेल कंपनीचे पैसे, आणि नाव यजमानांच्या गावच्या लिपीत! दुसऱ्या कुठल्याच रेसची पी34 करताना हे डिकल चालत नाही, म्हणून मग मिरर, एअरबॉक्स (इंजिनला हवा देणारा डबा), नंबर, सगळं त्याच रेसच्या फोटोवरून जुळवत बसायला लागतं. आज जुन्या गाड्यांच्या शोमध्ये ज्या पी34 फिरतात त्यांचे फोटो नेटवर ढीगभर मिळतात पण त्या नंतर दुरुस्त केलेल्या, त्यातले पाइप, बेल्ट, बोल्ट आजच्या नियमाचे, त्यांच्यावरून डिटेलिंग केलं तर 1976 च्या गाडीत आजचा फायर एक्स्टिंग्विशर बसतो.

सगळ्यात अवघड काय असेल तर सहाही चाकं टेकवणं. चार चाकी मॉडेलमध्ये एक चाक थोडं वर राहिलं तर कोणाला दिसत नाही, इथे सहा आहेत आणि एक जरी हवेत राहिलं तर लगेच दिसतं. मी जाड काच घेतलीय, खिडकीवाल्याकडचा तुकडा, त्याच्यावर ठेवूनच जोडतो, प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून बघायची, पट्टी सुटी फिरली की ते चाक वर आहे. आणि मागची दोन चाकं वर राहिली तर दोष मागे नसतो बरं का, तो इंजिनच्या जोडात असतो. कारण या गाडीला मागे चासी, म्हणजे सांगाडा, नाहीच, ड्रायव्हर बसतो तो अ‍ॅल्युमिनियमचा टब इंजिनपाशी संपतो, इंजिन टबला बोल्टने लटकतं, गिअरबॉक्स इंजिनला, आणि मागचं सस्पेंशन गिअरबॉक्सला. खऱ्या गाडीत जे ओझं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन स्वतःच्या अंगावर घेत होतं तेच माझ्या प्लास्टिकच्या इंजिनवर येतं, तिथे केसभर तिरकं चिकटलं की मागे चाक उचललं. हे इंजिन 1967 मध्ये हॉलंडमध्ये झांडवूर्टला लोटस टीमच्या गाडीत पहिल्याच रेसला जिंकलं आणि 1983 पर्यंत जिंकत राहिलं, एकूण 155 रेस, तीन लिटरचं व्ही8. त्या काळात फेरारी सोडून बहुतेक जण हेच विकत घेऊन लावायचे, म्हणून तर मग सगळ्यांची इंजिनं सारखी असताना पुढे जायचं कसं या विचारातून सहा चाकांसारखी कल्पना निघते.

इंजिनच्या डिटेलिंगला मी जरा जास्तच वेळ देतो, घरच्यांच्या मते फारच जास्त. किटमध्ये ब्लॉक, हेड, इंजेक्शनचे भोंगे, एक्झॉस्टचे पाइप हे सगळं येतं, येत नाही ती वायर आणि नळी. प्लगची वायर खऱ्यात साधारण 7 मिलिमीटर जाड धरली तर 1/20 मध्ये 0.35 येते. यासाठी ऑनलाइन महाग वायर मागवायची गरज नाही, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात 28 गेजची तांब्याची तार मागा, ती त्याच्या अगदी जवळ आहे, दुकानदार उरलेली तार फुकट देतो, फक्त कशाला पाहिजे हे सांगायचं नाही नाहीतर अर्धा तास जातो. आठ वायरी, आठ भोकं, भोकं हातड्रिलने पाडायची, मशीनने पाडायला गेलात तर प्लास्टिक वितळतं. तेलाच्या नळ्यांच्या टोकाला जे धातूचे कपलिंग दिसतात त्यांना इंजेक्शनच्या सुईचे तुकडे, कानसेने सरळ कापून. सुई कापताना डोळ्याला चष्मा लावा, तुकडा उडतो तो कुठे जातो देवाला माहीत.

पी34 च्या कॉकपिटच्या बाजूला छोट्या खिडक्या आहेत, त्या हौसेने ठेवलेल्या नाहीत. पुढची चाकं इतकी खाली आणि छोटी की ड्रायव्हरला ती वरून दिसतच नाहीत, म्हणून त्यांच्याकडे बघायला खिडकी. मॉडेलमध्ये ही पारदर्शक काच सुपरग्लूने चिकटवली की त्याच्या वाफेने पांढरी होते आणि परत साफ होत नाही. साधा फेविकॉल घ्या, काडीच्या टोकावर थेंबभर, वाळला की पारदर्शक होतो. टायरच्या मधोमध मोल्डची एक रेघ असते, ती तशीच ठेवली तर गाडी कितीही भारी रंगवा, दुकानातलं खेळणं दिसते, टायर ड्रिलला लावून पॉलिश पेपरवर हलकेच फिरवायचा, रेघ पण जाते आणि रबर चार लॅप धावल्यासारखं खरबरीत होतं. टायरला ठार काळा रंग तर अजिबात देऊ नका, राखाडीकडे झुकलेला काळा बघा.

रंगाचं मात्र आपल्याकडे हवामान बघून करावं लागतं. लॅकर स्प्रे दमट हवेत मारला की वाळताना हवेतलं पाणी धरतो आणि निळ्या रंगावर पांढुरकी साय येते, डोंबिवलीत जून ते सप्टेंबर मी स्प्रेच्या डब्याला हात लावत नाही, तेवढ्या काळात इंजिन आणि कॉकपिट ब्रशने करून घेतो. डिकलवर क्लिअर, म्हणजे बिनरंगी लॅकर, मारताना पहिले दोन-तीन हात अगदी कोरडे, लांबून, नुसता धुरळा बसल्यासारखे, एकदम ओला हात दिला की लॅकर डिकल खातं, आणि ते हिरागाना डिकल परत कुठून आणणार. जुन्या किटचे डिकल पिवळे पडलेले असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवा, पिवळेपणा बराच उतरतो. शेवटी दोन हजार नंबरचा पेपर पाण्यात, मग गाडीवाल्यांचं रबिंग कंपाउंड, कडांवर जपून, कडेवरचा रंग आधी जातो.

एवढं कौतुक केलं, मग ती पुढे मागे का पडली, हे पण मॉडेलमध्येच दिसतं. मघाशी म्हटलं तसं समोरून बघितलं की पुढची चाकं लपतात, पण त्यांच्या मागे दोन्ही बाजूंना मागचे अवाढव्य टायर आहेत तसे बाहेर आलेले, ते कुठेच लपत नाहीत. पुढे वाचवलेली हवा मागे अडतेच, त्यामुळे सरळ रस्त्यावर अपेक्षेएवढा स्पीड वाढला नाही. दुसरं म्हणजे दहा इंची टायर जगात एकाच टीमला लागत होते, गुडइयर बाकी सगळ्यांचे तेरा इंची टायर दरवर्षी सुधारत गेलं आणि हे छोटे तसेच मागे राहिले. 1977 मध्ये गाडी जड झाली, पुढची पकड मिळवायला चाकं बाहेर ढकलून रुंदी वाढवायला लागली, म्हणजे ज्या दीड मीटरच्या आड लपायचं होतं त्याच्याच बाहेर चाकं आली. त्यानंतर सहा चाकांचं फक्त वजन उरलं, फायदा नाही. शेक्टर आधीच दुसरीकडे गेला होता आणि 1979 मध्ये फेरारीत वर्ल्ड चॅम्पियन झाला. हे असं सविस्तर असताना "फसलेला विनोद" एवढ्यात उडवून लावणं मला तरी पटलं नाही.

कोणी म्हणेल तयार डायकास्ट (धातूचं ओतीव) मॉडेल मिळतं, कपाटात ठेवा, कशाला डोळे फोडता. मिळतं ना, चांगलं पण असतं. पण त्यात इंजिन कशाला लटकलंय हे कधी कळत नाही कारण ते सगळं एका स्क्रूने खालून बसवलेलं असतं.

जाता जाता एक तक्रार, पुरवणीपेक्षा अर्थपानाच्या कामाची. कस्टमच्या कोड 9503 मध्ये बाहुल्या, तीन चाकी सायकली, पझल आणि स्केल मॉडेल हे सगळं एकत्र आहे. खेळण्यांवरची ड्युटी 2020 च्या बजेटमध्ये 20 टक्क्यांवरून 60 झाली आणि 2023 मध्ये 70, स्वस्त निकृष्ट खेळणी थांबवायला हे केलं असेल तर ठीक आहे, आपल्या कारखान्यांना फायदा झाला तर चांगलंच. पण त्यात 1/20 ची किट पण सापडली, जी आपल्याकडे कोणी या दर्जाची बनवत नाही, म्हणजे वाचवायचा धंदाच नाही. वर ISI मार्कचा नियम 1 जानेवारी 2021 पासून लागू, तो 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे असं ऑर्डरमध्येच लिहिलंय, तरी माझ्या एका मित्राचं पार्सल याच कारणावरून अडकलं आणि शेवटी परत गेलं, आत कात्री, सुरी, डिंक लागणारं किट होतं, ते कुठलं लहान मूल खेळणार. इंजिनिअरिंगच्या पोरांना फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजांच्या स्पर्धेची गाडी बनवायच्या आधी टेबलावर अशी एखादी जोडायला मिळाली तर सस्पेंशनचे कोन हाताला कळतील, पण ड्युटीसकट किंमत ऐकून पोरगं डबा परत शेल्फवर ठेवतं. 9503 मध्ये मोठ्यांच्या जोडायच्या मॉडेलसाठी वेगळी ओळ काढून तिचा दर वेगळा ठेवला तरी काम होईल. तुमच्याकडे बजेटवर लिहिणारे कोणी असतील तर त्यांना एवढं विचारायला सांगा.

आपला,
एक वाचक, डोंबिवली पूर्व