मधल्या सुट्टीत हात कोठे धुवायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या शाळेतून विषबाधेची बातमी आली की मुलांमध्ये अन्नसुरक्षेविषयी जागरूकता हवी, अशी चर्चा दोन-चार दिवस होते. मुलांना काही कळत नाही, हे त्यामागचे गृहीतक मात्र मला पटत नाही. जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, उघड्यावरचे खाऊ नये, हे चौथीतले मूलही न अडखळता सांगते आणि परिसर अभ्यासाच्या पेपरात लिहून गुणही मिळवते. अडते ते मधल्या सुट्टीत. शेकडो मुलांमागे मोजके नळ, त्यांतील एखाद-दुसरा कोरडा आणि साबण कपाटात कुलूपबंद, अशी स्थिती ज्या शाळांत आहे, तेथे हात नीट घासायला लागणारी किमान 20 सेकंदे मुलांनी आणायची कोठून?

डब्याचेही तसेच आहे. शिळे खाऊ नये हे सर्वांना ठाऊक असते, पण का खाऊ नये, हे क्वचितच सांगितले जाते. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. तांदळातील काही जिवाणूंचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत आणि रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात वाढून ते जे विष तयार करतात, ते सकाळच्या फोडणीनेही नष्ट होत नाही. फोडणीचा भात हा तर आपल्याकडे डब्याचा हमखास पदार्थ. सूक्ष्मजीवांचा धडा शिकवताना एवढे सांगितले, तरी मूल घरी जाऊन उरलेला भात वेळीच फ्रीजमध्ये ठेवायला आईला, आणि हो, बाबांनाही सांगेल.

शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत अति मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ मुलांना विकू नयेत, असा केंद्राचा 2020 चा नियम आहे. नाशिकमध्ये तो किती पाळला जातो, हे कोणत्याही शाळेसमोर दुपारी पाच मिनिटे उभे राहिल्यास दिसेल. विक्रेत्यांना हुसकावून लावावे, असे मी म्हणत नाही. त्यांचेही पोट त्यावर आहे. परंतु वडापाव छापील कागदात बांधू नये, कारण छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये गरम, तेलकट पदार्थात उतरतात, हे त्यांना आणि गिऱ्हाईक असलेल्या मुलांना समजावणे अवघड नाही. (आपले वृत्तपत्र वाचण्यासाठी आहे, याबाबत आपणही सहमत व्हाल.) पाकिटावरचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि वापराची मुदत शोधणे हा तर मुलांना आवडणारा खेळ होऊ शकतो.

आपल्या जिल्ह्याकडे या विषयातले जे ज्ञान आहे, त्याचा शाळेत उपयोग होत नाही, याचे मला अधिक आश्चर्य वाटते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षे नाकारली गेली, तेव्हा येथील बागायतदारांना मोठा फटका बसला. निर्यातीच्या बागेची नोंदणी, फवारणीच्या नोंदी, शेवटच्या फवारणीनंतर तोडणीपर्यंत सोडायचे दिवस आणि रासायनिक अंशांची तपासणी हे सारे निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला पाठ असते. त्याच भागातील मुले मात्र गाडीवरची द्राक्षे न धुता तोंडात टाकतात. फवारणीच्या औषधांच्या (कीटकनाशकांच्या) रिकाम्या डब्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. 2013 मध्ये बिहारमधील गंडामन येथे शाळेतील जेवणातून 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले होते. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला, तरी त्यात पाणी, तेल वा धान्य भरायचे नाही, ही गोष्ट द्राक्षपट्ट्यातील प्रत्येक मुलाला माहीत हवी आणि ती एखाद्या जाणत्या बागायतदाराने वर्गात येऊन सांगितली, तर मुले अधिक मनावर घेतील.

जागतिक अन्नसुरक्षा दिन 7 जूनला असतो आणि तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे निदान भाषणे तरी टळतात. महापालिका व जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांनी शाळा उघडताच प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीकडून चालू नळ आणि साबण यांची माहिती मागवावी, जेथे ते अपुरे असतील तेथे पहिल्या सत्रातच सोय करावी आणि मधल्या सुट्टीपूर्वीची दहा मिनिटे वर्गवार हात धुण्यासाठी वेळापत्रकातच राखून ठेवावीत, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक पालक, इंदिरानगर, नाशिक