‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंबद्दल

संपादक महोदय,

क्रीमने कोलॅजेन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) वाढते असे सांगणारा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. सोबत त्वचेचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे मायक्रोस्कोपखालचे दोन फोटो आहेत. मी बावीस वर्षे हिस्टोलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातल्या ऊती मायक्रोस्कोपखाली तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, तंत्रज्ञ होते. मायक्रोटोम या कापयंत्रावर त्वचेचे सेक्शन, म्हणजे अतिशय पातळ काप, कापण्यात आयुष्य गेले, म्हणून लिहिल्यावाचून राहवले नाही.

सेक्शन जेमतेम ४-५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीचा असतो. कापण्याआधी मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवताना त्वचेचा तुकडा किंचित कलता बसला, तरी पाते त्वचेतून तिरपे जाते. फांदी तिरपी छाटली की साल रुंद दिसते, तसा वरचा थर उगाच जाड दिसू लागतो. एका क्रीमच्या चाचणीत ‘नंतर’च्या स्लाइडवर अशीच भरदार त्वचा दिसली आणि सगळे खूश झाले. मला मात्र तळाच्या पेशी एका रांगेऐवजी तीन-चार रांगांत दिसत होत्या, आणि त्यांच्या मधोमध खालच्या थराची गोल बेटे. मी ब्लॉक वितळवला, तुकडा उभा बसवला, पुन्हा कापला. वाढलेली जाडी गेली! ‘नंतर’ची त्वचा ‘आधी’सारखीच निघाली.

दुसरी गोष्ट तुलनेची. साध्या मलमानेही वरचा मृत थर पाणी धरून फुगतो. म्हणून तेच क्रीम, फक्त मुख्य घटक वगळून, दुसऱ्या गटाला लावावेच लागते. ट्रेटिनॉइन या त्वचेवर लावायच्या औषधावरचा १९९३ चा अभ्यास मी मानते तो यासाठी. उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर १० ते १२ महिने औषध लावल्यावर कोलॅजेन-१ ची (त्वचेतल्या मुख्य कोलॅजेनची) निर्मिती ८० टक्क्यांनी वाढली, नुसत्या क्रीमच्या गटात ती १४ टक्क्यांनी घटली. अर्थात ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे औषध आहे.

आणि कोलॅजेनच चोळायचे म्हटले, तर त्याचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक). साधारण ५०० डाल्टनच्या पुढचे रेणू धडधाकट त्वचेतून फारसे आत जात नाहीत. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर मात्र हा अडसर नसतोच, तिथे काहीही ‘काम करते’.

माझी कळकळीची विनंती आहे, असा फोटो छापताना त्याखाली एवढे तरी छापा: त्वचा माणसाच्या अंगावरची की बशीतली, क्रीम किती दिवस लावले, तुलना कशाशी केली, आणि स्लाइड वाचणाऱ्याला ‘आधी’ कुठली, ‘नंतर’ची कुठली हे माहीत होते का.

आपली,
एक निवृत्त हिस्टोलॉजी तंत्रज्ञ