खोक्यातल्या पिल्लांना आई नसते

गुहागर,
श्रावणातला शेवटचा रविवार

प्रिय दोस्ता,

काल फोनवर तुझ्यामागे कोंबडीची पन्नास पिल्लं ओरडत होती, त्यावरूनच निम्मं कळलं. पोट भरलेली, ऊब मिळालेली पिल्लं हळू किलबिलतात. ही उंच आवाजात, न थांबता ओरडत होती. लेका, तुझ्या पिल्लांना थंडी वाजतेय. तेवढ्यात रेंज गेली, म्हणून आता सावकाश लिहितो.

आधी तू म्हणालास ते, पिल्लांच्या ढुंगणाला चिकटून दगड झालेल्या शिटेचं. ओढून काढू नकोस, पिसांबरोबर कातडी येते. कोमट पाण्यात कापूस भिजवून धर, मऊ झालं की आपोआप सुटतं. मग पिल्लू पूर्ण कोरडं कर, बोटाने थोडं खोबरेल लाव आणि लगेच उबेत सोड. एक सांभाळ. ढुंगणाच्या जरा खाली पोटावर बेंबीची वाळकी खपली असते. पहिल्या वर्षी मी तीच घाण समजून खरवडली होती. बेंबी ओली असेल, वास येत असेल, पोट फुगलेलं असेल तर ते दुखणं वेगळं, आतल्या बलकाचा संसर्ग. तसं पिल्लू बाजूला काढ, पण फार आशा धरू नकोस. आणि पांढरी हगवण होऊन रोज दोन-चार मरायला लागली, तर मेलेलं पिल्लू पुरू नकोस. तसंच पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात ने. काही रोग कोंबडीकडून अंड्यातच येतात, त्यांच्यावर घरगुती उपाय करत बसण्यात दिवस जातात.

पण तुझ्याकडे सगळी खाताहेत, हिंडताहेत, नुसती चिकटलेली आहेत. म्हणजे बहुधा उबेचीच बोंब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश लागतात, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करायचे. थर्मामीटर नसला तरी चालेल, रात्री दोन वाजता उठून बघ. दिव्याखाली एकमेकांवर चढली असतील तर थंडी, भिंतीला लागून चोच उघडी टाकून बसली असतील तर उकाडा, सगळीकडे पसरून झोपली असतील तर तूही जाऊन झोप. तुमच्याकडे रात्री लाइट जाते म्हणालास. मग बल्बच्या भरवशावर राहू नकोस. शेगडीत कोळसा ठेव, पण धूर आणि कोळशाचा वायू कोंडणार नाही, हवा खेळती राहील असं बघ.

अंड्यातून बाहेर पडायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्यावर ते दोन-तीन दिवस काढतं, म्हणून तर खोक्यात बसून एसटीने येतं. पण तेवढे दिवस उपाशी ठेवायचं असा त्याचा अर्थ नाही. आतडं वाढतं ते पोटात दाणा गेल्यावर. आल्या आल्या पाणी, चोच बुडवून दाखवायची, मग खाद्य. गुळाचं पाणी पहिले काही तासच. तू तीन दिवस पाजलंस, त्यानेही शीट पातळ झाली असेल.

आता तुझा मुख्य प्रश्न. ‘आमची आजी नुसती कणी टाकायची, तेव्हा कुठलं आलंय स्टार्टर?’ स्टार्टर म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, त्यावरून अगदी हेच वाक्य मी माझ्या आईला ऐकवलं होतं. आमच्याकडे भातगिरणीतून कणी फुकट येते, म्हणून पहिल्या खेपेच्या वनराजा जातीच्या चाळीस पिल्लांना मी तीन आठवडे कणीच घातली. पंख लोंबले, पिसं धड फुटेनात, एकमेकांची शेपटं टोचायला लागली. आई म्हणाली, ‘अरे, कणी आम्ही टाकायचो, पण पिल्लं डालग्याखालून सुटली की दिवसभर कोंबडीबरोबर शेणकीत असायची. आणि वाळवीचं ढेकूळ कोण आणून फोडायचं?’ खरंच की! मीच आणायचो, शाळेतून येताना. कणीत प्रथिनं सात-आठ टक्के, मक्यात नऊच्या आसपास, आणि पिल्लाला लागतात वीस-एकवीस. मधला खड्डा वाळवी, गांडुळं आणि किडे भरून काढायचे. आजीच्या पिल्लांना ते उकरून द्यायला कोंबडी होती, आपल्या खोक्यात कोंबडी नाही. म्हणून आठ आठवडे स्टार्टरच घाल. कणी, भरडा वरून चिमूटभर.

तुझ्या घरच्या सोयाबीनचा बेत ऐकून मात्र मी कपाळाला हात लावला. कच्चं सोयाबीन दळून घालायचं नाही! त्यात प्रथिनं पचवणाऱ्या रसालाच अडवणारं द्रव्य असतं. पिल्लू खातं खूप आणि वाढत नाही. नीट भाजल्यावर ते बरंचसं निघून जातं, पण नीट म्हणजे किती हे कढईत कळत नाही. त्यापेक्षा सोयापेंड आण. मका हुंगून घे, कुबट वास आला की बुरशी समज. तो मका फेकून द्यायचा, उन्हात घालूनही बुरशीचं विष जात नाही.

अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य उरलंय ते पिल्लांना नको. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के, पिल्लाला एक टक्का पुरतं. जास्तीचं मूत्रपिंडावर बसतं. मी पाठवतो म्हणालो होतो तो शिंपल्यांचा चुरा त्यासाठीच अजून पाठवला नाही. दाणे, पाला सुरू केलास की धुतलेली जाड वाळू ठेव. कलेजीबरोबर आपण पेटा खातो ना, ते कोंबडीच्या पोटातलं जातंच, त्याला दळायला खडे लागतात. नुसतं स्टार्टर असेल तर वाळूही नको.

खरी धास्ती पुढे आहे, तिसऱ्या आठवड्यानंतर. रक्ती हगवण. माझी अकरा पिल्लं तिने नेली. पाऊस लागून राहिला होता, पाण्याचं भांडं कलंडून खाली अंथरलेलं तूस ओलं झालं आणि मी ‘उद्या बदलू’ म्हणालो. ओल्या, उबदार तुसात या हगवणीच्या जंतूची अंडी एक-दोन दिवसांत तयार होतात, पिल्लं ती टिपतात. साध्या फिनाइलने ती मरत नाहीत. पिल्लं पिसं फुगवून पेंगायला लागली, शिटेत रक्त दिसलं. डॉक्टरांनी एक फाडून दाखवलं. आतड्याच्या शेवटी दोन पिशव्या असतात, त्या रक्ताने गच्च भरलेल्या. त्यांनी पाण्यातून द्यायला अँप्रोलियम दिलं आणि मी शहाण्याने ताकदीसाठी त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स ओतलं. डॉक्टर आधी हसले, मग चिडले. ते औषध बी-१ जीवनसत्त्वाचं सोंग घेतं, जंतू फसून तेच घेतो आणि उपाशी मरतो. मी त्याला खरंच जीवनसत्त्व वाढत होतो. टॉनिक द्यायचं ते औषध संपल्यावर. मात्रा तुमच्या डॉक्टरांना विचार, माझ्यावर विसंबू नकोस.

तूस रोज मुठीत दाबून बघ. गोळा झाला की ते काढून टाक. भांडं पाठीच्या उंचीवर, विटेवर ठेव. आणि मधूनच चॉकलेटसारखी चिकट, घाण वासाची शीट दिसली तर मला रात्री फोन करू नकोस, ती त्या दोन पिशव्यांतली असते, रोजचीच. लाल दिसली तर कितीही वाजता कर.

आज झोपताना दहा पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी चाचप. मळलेल्या कणकेसारखी लागली तर ठीक. टणक लागली तर पाणी कमी पडतंय, रिकामी असेल तर त्याला भांडं सापडलेलं नाही. दहातल्या किती भरल्या, तो आकडा सकाळी कळव. आई विचारतेय, वहिनींनी घरात खोकं ठेवू दिलं का?

तुझाच,
कणीवाला